पापड आणि सेंबे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, जपानला राहून आली आहेस, तेव्हा जपानची प्रगती किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांपैकी कशावर तरी दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं. मग घरी येऊन विचार केला, की तीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसांना प्रगती ऐकवण्यात काही अर्थ नाही. प्रत्येकाची प्रगती केसांवरून आणि पोटावरून दिसतेच आहे. म्हणून मी खाण्यावर बोलणार आहे. विषय आहे तांदळाचा पापड. जपानचा आणि आपला.

जपानी लोकांच्या तांदळाच्या पापडाला सेंबे म्हणतात. पापड म्हटलं तरी तो आपल्यासारखा कागदाएवढा पातळ नसतो. साधारण खारी बिस्किटाएवढा जाड, तळहातात मावेल असा गोल, निखाऱ्यावर किंवा भट्टीत भाजलेला, वरून सोया सॉसचा हात फिरवलेला. कुणी त्याला समुद्री शेवाळाची काळी पट्टी गुंडाळतात, कुणी तीळ लावतात, कुणी तिखट. चहाबरोबर खातात. त्यांचा चहा हिरवा, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा. पहिल्यांदा प्यायला की वाटतं कुणीतरी पातेलं विसळून पाणी दिलंय. पण तोंडात खारट सेंबे असला की तोच चहा बरा लागतो.

यात पोटजाती पुष्कळ आहेत. सेंबे हा रोजच्या भाताच्या तांदळाचा. चिकट तांदळाचे केले तर मोठ्या तुकड्यांना ओकाकी म्हणतात आणि बारक्यांना आरारे. पश्चिमेकडे गव्हाच्या पिठाचे गोडसर सेंबेही होतात. 'काकी नो ताने' नावाचा एक प्रकार आहे. नाव ऐकून आपली काकी डोळ्यांसमोर आणू नका. काकी म्हणजे एक केशरी रंगाचं फळ, आणि त्याच्या बीच्या आकाराचे हे तिखट तुकडे. ते शेंगदाण्यात मिसळून बिअरबरोबर खातात, म्हणजे त्यांचा चिवडाच. नारा नावाच्या जुन्या राजधानीत हरणं मोकळी फिरतात, त्यांना घालायचे वेगळे सेंबे विकत मिळतात. कोंडा आणि पीठ, मीठ नाही, मसाला नाही. ते माणसांनी खायचे नसतात हे मला एक खाल्ल्यावर कळलं.

आता मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला मुंबईला गेले. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाली आणि त्याच वर्षी माझी ट्रंक रत्नागिरी स्टेशनातून मुंबईला गेली. 2002 साली पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली. पुण्यात तेव्हा जपानी शिकण्याची लाट होती. जपानी येणारा इंजिनिअर म्हणजे परदेशी जायची खात्री, असं सगळे म्हणायचे. मीही संध्याकाळचे वर्ग लावले आणि 2007 मध्ये तोक्योला गेले. राहायला निशी-कासाई नावाच्या भागात. तिथे भारतातून आलेले इतके संगणकवाले राहतात, की रविवारी बाजारात मागून कुणीतरी "अगं, कोथिंबीर मिळाली का?" म्हणतं आणि आपण दचकतो.

जपानी ऑफिसात एक रीत आहे. माणूस गावाला किंवा सहलीला जाऊन आला, की तिथला खाऊ सगळ्यांसाठी आणायचा. त्याला ओमियागे म्हणतात. तो खाऊ त्या गावचाच असावा लागतो. स्टेशनवर त्यासाठीच दुकानं असतात, आणि एकेक नग वेगळ्या कागदात बांधलेला असतो, म्हणजे टेबलाटेबलावर ठेवता येतो. 2008 च्या मे महिन्यात मी सुटीवर रत्नागिरीला आले, आणि परत जाताना पंचाईत झाली. नेणार काय? हापूस नेण्याचा प्रश्नच नव्हता. जपानने वीस वर्षांची बंदी उठवून 2006 साली आपला आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली होती, पण तो उष्ण वाफेची प्रक्रिया करून, तपासणी होऊन पेटीत जाणारा. पिशवीत घालून नेता येत नाही. फणसपोळी घरात होती ती भावाने संपवली होती. आई म्हणाली, "पापड ने. हलके असतात." आणि तिने पत्र्याच्या डब्यात तांदळाच्या पापडांच्या दोन चळती भरून दिल्या.

इथे मला थांबून मागे जावं लागणार आहे. कारण हे पापड तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खाल्लेले आहेत. मात्र ते कोणाचे आहेत हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपण आठवीत असताना माझे बाबा ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. घरात आम्ही पाच माणसं. आजोबांची थोडी शेती, ती घरच्या भाताला पुरेल एवढी. बाबा दोन वर्षं मिळेल ते काम करत होते. तेव्हा आईने पापड करून विकायला सुरुवात केली. तांदळाचे पापड, पोह्याचे पापड, मिरगुंडं. मार्चपासून आगोट लागेपर्यंत आमच्या खळ्यात चालायला जागा नसायची. पहाटे चारला ती चुलीवर आधण ठेवायची. मीठ, पापडखार, जिरं, हिंग घातलेलं पाणी उकळलं की त्यात तांदळाचं पीठ घालून उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, तिचे गोळे पुन्हा वाफवायचे, आणि दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून पापड. सात वाजता खळ्यात पहिली रांग पडलेली असायची. कावळे राखायचं काम माझ्याकडे आणि भावाकडे. राखता राखता आम्हीच जास्त खायचो. उकडीचा गोळा कच्च्या तेलाबरोबर, आणि दुपारी अर्धवट वाळलेला, वातड पापड. आई ओरडायची, "विकायचे आहेत ते!"

वाळलेले पापड ती पंचवीस पंचवीसच्या चळती करून पिशवीत भरायची आणि घरोघर नेऊन द्यायची. राम आळीत, मारुती मंदिराकडे, खालच्या आळीत. मागणी चांगली होती. लोक तिला पापडवाल्या काकू म्हणत.

नववीतली गोष्ट. मधल्या सुटीत आपण सहा-सात जणी पायरीवर डबे उघडून बसलो होतो. एकीच्या डब्यात दहीभात आणि भाजलेला तांदळाचा पापड. ती म्हणाली, "आमच्याकडे एक पापडवाल्या काकू येतात, त्यांचे आहेत. एकदम हलके असतात. तुमच्याकडे देतात का गं त्या?" मी म्हटलं, "आमच्याकडे विकतचे पापड आणत नाहीत."

वाक्य अक्षरशः खरं होतं. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. माझ्या शेजारी बसलेली माझी बाकावरची मैत्रीण आमच्याच वाडीतली. तिला सगळं माहीत होतं, तिच्या आईनेच माझ्या आईला पापडाचं यंत्र वापरायला दिलं होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून जेवत राहिली. नंतरही तिने तो विषय कधी काढला नाही. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तेव्हा तू काही बोलली असतीस तर मला राग आला असता, आणि बोलली नाहीस म्हणून मला तुझ्याकडे बघताना आजही लाज वाटते.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीची, एप्रिलमधली. परीक्षा संपत आल्या होत्या. आई आपल्या एका बाईंना पापड द्यायला शाळेत आली. मी मैत्रिणींबरोबर फाटकातून बाहेर पडत होते. समोरून आई. डोक्यावर पदर, हातात ती खाकी पिशवी, कडेला प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेल्या चळती. मी तिला पाहिलं, तिने मला पाहिलं. मी ओळख दाखवली नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होते. पण ते पूर्ण खरं नाही. मी काही करायच्या आधी आईनेच मान फिरवली आणि भिंतीच्या कडेने पुढे गेली. माझी अडचण तिला माझ्याआधी कळली.

संध्याकाळी घरी काही बोलणं झालं नाही. जेवायला पेज आणि पापड होता.

आता पुन्हा तोक्योला येते. दोन चळती घेऊन ऑफिसात गेले तेव्हा लक्षात आलं, की हे भाजायचे कुठे? सगळ्यांचा खाऊ कागद फाडून खाण्यासारखा, आणि माझा खाऊ कच्चा. शेवटी चहाच्या खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये एकेक घालून भाजले. कडा नीट फुलल्या, मध्ये थोडे कच्चे राहिले, पण वास सुटला. टीममधली माणसं वासाने आली. त्यांत निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. कमी बोलणारे, फारच नियमाने वागणारे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायची. त्यांनी पापडाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "हा सेंबे आहे." मग विचारलं, "कुठल्या दुकानातला?"

जपानीत आईला दोन शब्द आहेत. दुसऱ्याच्या आईला ओकासान, आणि परक्यांपुढे स्वतःच्या आईचा उल्लेख करायचा तर नम्रपणे हाहा. वर्गात हा शब्द शिकलो तेव्हा सगळे हसलो होतो. हाहा म्हणजे आई! त्या दिवशी मी म्हटलं, "दुकानातला नाही. हाहाने केलेत. ती पापड करून विकते. त्यावर आमचं घर चाललं."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि ते जपानीत म्हटलं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, घरापासून हजारो किलोमीटरवर, जिथे माझ्या आईला कुणी ओळखत नव्हतं तिथे. अवघड गेलं नाही. परक्या भाषेत शब्दांना तेवढं वजन नसतं, व्याकरण चुकणार नाही एवढीच काळजी असते. पण घरी गेल्यावर झोप लागली नाही.

काकांनी ते ऐकून मान लववली आणि एक शब्द उच्चारला, शोकुनिन. म्हणजे कसबी कारागीर, एकच काम आयुष्यभर हाताने करत ते उत्तम करणारा. तिथे सुशी करणाऱ्याला, सुताराला, सुरी घडवणाऱ्याला शोकुनिन म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली येतो. माझ्या आईसाठी तो शब्द वापरला जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

काका सोका गावचे निघाले. सोका तोक्योच्या उत्तरेला सायतामा प्रांतात आहे. तोक्योचं नाव एदो होतं त्या काळी निक्कोला जाणाऱ्या हमरस्त्यावरचा हा एक मुक्काम. सोक्याचे सेंबे जपानभर प्रसिद्ध आहेत. आख्यायिका अशी सांगतात, की तिथे ओसेन नावाची एक बाई वाटसरूंना तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे विकायची. उरलेले गोळे ती फेकून द्यायची. एका सामुरायने तिला सुचवलं, की ते चपटे कर, वाळव आणि भाजून वीक. इतिहास काहीही असो, मला ती गोष्ट आवडते. उरलेला भात फुकट न घालवणारी बाई ही जगात कुठेही पटणारी गोष्ट आहे.

एका रविवारी काका मला सोक्याला घेऊन गेले. तिथे काही दुकानांत आपला सेंबे आपण भाजायला मिळतो. वाळवलेली कच्ची चकती हातात देतात. ती खालून-वरून बघितली आणि मी हसायलाच लागले. जाडी सोडली तर ती आमच्या खळ्यातलीच वस्तू होती. कृतीही तीच. तांदूळ धुवायचा, दळायचा, पीठ वाफवायचं, मळायचं, लाटायचं, गोल कापायचं, वाळवायचं. आपल्या शास्त्राच्या सरांना आवडेल म्हणून सांगते: वाफेने पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो, म्हणून त्याची पापडासारखी पातळ पोळी धरते. वाळवताना बरंचसं पाणी जातं, थोडं आत अडकून राहतं. एकदम कडक आच लागली की त्या राहिलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापडाला आतून फुलवते. पाणी जास्त राहिलं तर पापड वातड, अजिबात राहिलं नाही तर फुलतच नाही. आई खळ्यातून एक पापड उचलून कानाजवळ मोडून बघायची. ती हेच तपासत होती.

सोक्याला भाजताना दोन हत्यारं देतात. एक लांब काड्या, सतत उलटायला. दुसरं मुठीएवढं एक दाबायचं ठोकळं, म्हणजे चकती वर आली की त्याने दाबून सपाट करायची. आई हेच काम फडक्याच्या बोळ्याने करते. मी सवयीने बोटांनीच चकती उलटली. दुकानातल्या आजीबाईंनी माझ्या बोटांकडे बघितलं, मग काकांना काहीतरी म्हणाल्या. काका म्हणाले, "त्या विचारताहेत, ही सेंबेवाल्यांच्या घरातली का?" मी हो म्हटलं.

आणखी एक जागा मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. चोशी. तोक्योच्या पूर्वेला, समुद्रात घुसलेल्या टोकावर वसलेलं मच्छीमार बंदर. तिथे उतरल्यावर पहिला वास आला तो मिरकरवाड्याचा. दुसरा वास सोया सॉसचा, कारण त्याचे जुने कारखाने तिथे आहेत. त्या गावात एक एवढीशी रेल्वे आहे. लांबी 6.4 किलोमीटर. आपल्या स्टेशनावरून निघालेली गाडी वेग घेईपर्यंत ती संपलेली असते. गावं ओस पडत चालली, प्रवासी घटले, कंपनी कर्जात गेली. 2006 साली अशी वेळ आली, की डब्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे नव्हते. ही कंपनी 1995 पासून जोडधंदा म्हणून सेंबे करून विकत होती. 'नुरे सेंबे', म्हणजे ओला सेंबे. भाजल्याबरोबर गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवलेला, मऊ, चिवट. तेव्हा रेल्वेच्या माणसांनी सरळ जाहीर करून टाकलं: गाडीच्या दुरुस्तीला पैसे हवे आहेत, कृपा करून आमचे सेंबे घ्या. आणि देशभरातून एवढ्या मागण्या आल्या, की गाडी चालू राहिली. ती आजही चालते, आणि त्या रेल्वेला तिकिटांपेक्षा खाऊच्या विक्रीतून जास्त पैसे मिळतात.

मी त्या गाडीत बसून ओला सेंबे खाल्ला. अर्धवट वाळलेल्या, कावळ्यांपासून राखलेल्या पापडासारखा लागला. आणि डोक्यात एकच विचार येत राहिला. एका अख्ख्या रेल्वे कंपनीला सांगायला लाज वाटली नाही, की आम्हाला पैशांची गरज आहे, आमचे पापड घ्या. माझ्या आईलाही वाटली नव्हती. घरात लाजणारी मी एकटीच होते.

आपल्याकडे तरी पापडाने किती घरं उभी केली! मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर उडदाचे पापड लाटायला घेतले, त्याचं पुढे लिज्जत झालं. हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. दुसऱ्याची आई लाटत असली की अभिमान वाटणं सोपं असतं.

जपानी भाषेत एक क्रियापद आहे, शिकेरु. हवेतला दमटपणा लागून कुरकुरीत वस्तू मऊ पडणे. शिकवणाऱ्या बाई वर्गात म्हणाल्या होत्या, की याला बऱ्याच भाषांत एक शब्द नाही, समजावून सांगावं लागतं. मी हात वर केला. म्हटलं, आमच्याकडे आहे. सादळणे. ज्या लोकांच्या देशात धो धो पाऊस पडतो आणि जे लोक तांदूळ वाळवून कुरकुरीत करतात, त्यांनाच हा शब्द लागतो. त्यांचाही पावसाळा जून-जुलैचा. तेव्हा त्यांच्या प्रत्येक डब्यात ओल शोषणारी पुडी असते. आई तांदळाचीच पुरचुंडी ठेवते, पापडाच्या डब्यात तळाला. कुरकुरीतला त्यांचा शब्द 'कारीकारी'. आपण करकरीत म्हणतो. काही वर्षांपूर्वी तर एका जपानी कंपनीने भारतीय कंपनीबरोबर 'कारी कारी' याच नावाने तांदळाचे तुकडे इथे विकायला आणले. ज्यांना चव बघायची त्यांनी जरूर बघावी. बरी आहे. पण आईचा पापड खाऊन मग बघू नका.

आता शेवटचं. आई सत्तरीच्या पुढे गेली आहे. बोटं आखडली आहेत, उकड मळणं तिला जमत नाही. विकणं तर पंधरा वर्षांपूर्वीच थांबलं. गेल्या एप्रिलमध्ये मी तीन आठवडे सुटी काढून आले, ठरवून, की या वर्षी तिच्याकडून पापड शिकून घ्यायचे आणि सगळं लिहून ठेवायचं. सोबत वजनकाटा, थर्मामीटर, लॅपटॉप. आई म्हणाली, "पापड करायला आलीस की पंचनामा करायला?"

मी विचारलं, "एक किलो पिठाला पाणी किती?" ती म्हणाली, "लागेल तेवढं." मग मी तिच्या नकळत पाण्याचं भांडं आधी आणि नंतर मोजलं. तीन दिवस, तीन वेगळे आकडे. मला वाटलं माझा काटा बिघडला. मग लक्षात आलं, की ती पीठ चिमटीत धरून बघते, आणि पीठ रोज तेच नसतं. तांदूळ किती जुना, रात्री हवेत ओल किती, गिरणीत दळण किती बारीक आलं, यावर पाणी बदलतं. नवा तांदूळ तिला चालतच नाही, चिकट होतो म्हणते. शिरगावला आपल्या भात संशोधन केंद्रात 'रत्नागिरी' नावाची इतकी वाणं निघाली. आई त्यांतलं कुठलं पापडाला बरं हे एक दाणा दातांखाली धरून सांगते. माझ्या तक्त्यात शेवटी पाण्याच्या रकान्यात मी लिहिलं आहे: 'आईला विचारणे.' पुढच्या पिढीने काय करायचं ते मला माहीत नाही. पण आता चिमटीत पीठ मीही धरून बघते, आणि चारांतल्या एका वेळी बरोबर येतं.

एका दुपारी खळ्यात पापड उलटताना मी तो विषय काढला. फाटकातला. एकतीस वर्षांनी. म्हटलं, "आई, त्या दिवशी तू शाळेत पापड द्यायला आली होतीस..." ती म्हणाली, "आठवतंय." मग बराच वेळ पापड उलटत राहिली. मला वाटलं, ती आता विषय बदलणार. पण ती म्हणाली, "तुमच्या बाईंनी दोन चळती सांगितल्या होत्या. त्या दिवशी चार घेतल्या. वरच्या खिडकीतून त्यांनी बघितलं होतं. मला म्हणाल्या, पोरीवर रागावू नका, हे वयच तसं असतं. मी म्हटलं, रागावले नाही हो, उन्हात उभी होते एवढंच."

बाई, तुम्ही पुढच्या रांगेत बसला आहात. त्यानंतर वर्षभर तुम्ही मला वर्गात शिकवलंत. माझी वही तपासलीत, माझा निबंध वाचून दाखवलात, निरोप समारंभाला माझ्या डोक्यावर हात ठेवलात. एका शब्दाने, एका नजरेने तुम्ही मला कळू दिलं नाहीत, की तुम्ही पाहिलं होतं. आणि आई सांगते, त्यानंतर दर वर्षी तुम्ही चार चळती घेत राहिलात. घरात तुम्ही दोघंच. बाई, शंभर पापडांचं तुम्ही काय करत होता?

माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी आईने पापडांच्या पैशांतून भरली. म्हणजे त्यात तुमच्या चार चळती आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरच्या एकेक चळती आहेत. मी नेहमी म्हणायची, की मी स्वतःच्या हिमतीवर शिकले. आज हिशेब दुरुस्त करते.

तर मित्रमैत्रिणींनो, राम आळीत, मारुती मंदिराकडे तुमच्या घरी ज्या पापडवाल्या काकू यायच्या, ती माझी आई. हे मी जपानीत एकदा सांगितलं होतं. मराठीत आज सांगितलं.

आईला आज आणणार होते. ती म्हणाली, "गुडघे दुखतात, तू जा. पापड ने. हलके असतात." मागच्या टेबलावर दोन डबे आहेत. गेल्या एप्रिलमधले. जे गोल आहेत ते आईने शेजारी बसून करून घेतलेले, आणि ज्यांचा आकार आपल्या भूगोलाच्या वहीतल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा आला आहे ते माझे एकटीचे. जेवणवाल्या दादांना सांगून एक शेगडी निखाऱ्यांची करून घेतली आहे, आपापला पापड आपण भाजायचा. दाबायला फडक्याचा बोळा ठेवला आहे. ज्या मैत्रिणीने पायरीवर मला विचारलं होतं, "तुमच्याकडे देतात का गं त्या?" तिला माझं उत्तर: हो, देतात. पहिला तू घे.

आणि घेतल्यावर झाकण घट्ट लावा. सादळतील.